लाकडी खेळ, कारागीर आणि बाजारपेठ : ब्रिटिश जिगसॉ व सावंतवाडीची चितारी कला यांचा तुलनात्मक परिचय

गोषवारा :

अठराव्या शतकात लंडनमध्ये भूगोल शिकविण्याचे साधन म्हणून लाकडी फळ्यांवर चिकटविलेल्या नकाशांचे तुकडे करण्याचा व्यवसाय सुरू झाला. त्यातूनच पुढे जिगसॉ हा खेळ विकसित झाला. याच काळात कोकणातील सावंतवाडी संस्थानात चितारी कारागिरांची लाखकामाची व गंजिफांची परंपरा राजाश्रयाने वाढत होती. दोन्ही परंपरांना विसाव्या शतकात यंत्रनिर्मित स्वस्त मालाशी सामना करावा लागला आणि दोघींनी तो वेगवेगळ्या मार्गांनी केला. प्रस्तुत लेखात या दोन परंपरांचा ऐतिहासिक परिचय करून देऊन, हाताने घडविलेला खेळ कशामुळे टिकतो या प्रश्नाचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : जिगसॉ, नकाशाचे कोडे, सावंतवाडी, चितारी, गंजिफा, लाखकाम, हस्तव्यवसाय.

प्रस्तावना :

खेळणे ही वरवर पाहता क्षुल्लक वस्तू आहे. राजवंश, लढाया, महसूल व भाषा यांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. तथापि एखाद्या समाजाने आपल्या मुलांच्या हाती काय दिले, ते कोणी घडविले, कोणत्या लाकडापासून घडविले आणि कोणाला ते विकत घेणे परवडले, हे पाहिले असता त्या समाजाची शिक्षणविषयक दृष्टी, कारागिरांचे स्थान व बाजारपेठेचे स्वरूप यांवर बराच प्रकाश पडतो. मराठी घरांतील भातुकली, विदर्भातील तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल, सारीपाटाच्या सोंगट्या आणि गंजिफांचे डाव या सर्वांतून हीच गोष्ट दिसून येते.

लाकडी खेळण्यांच्या जागतिक इतिहासात ब्रिटनमधील हाताने कापलेल्या जिगसॉ कोड्यांचे स्थान महत्त्वाचे आहे, कारण त्यांचा सुमारे अडीचशे वर्षांचा प्रवास बऱ्यापैकी नोंदलेला आहे. त्याच्या शेजारी महाराष्ट्रातील सर्वांत ज्ञात लाकडी खेळण्यांचे केंद्र, म्हणजे सावंतवाडी, ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. दोन्ही ठिकाणी लाकूड, रंग व चित्र यांचा संयोग आहे, दोन्ही ठिकाणी आरंभी उच्चवर्गीय ग्राहक आहे आणि दोन्ही ठिकाणी कारखानदारीने कारागिरापुढे अस्तित्वाचा प्रश्न उभा केला आहे.

१. नकाशाचे तुकडे : ब्रिटनमधील आरंभ

जिगसॉचा जनक म्हणून सामान्यतः जॉन स्पिल्सबरी (१७३९-१७६९) याचे नाव घेतले जाते. तो व्यवसायाने नकाशांचा खोदकाम करणारा कारागीर होता आणि राजा तिसऱ्या जॉर्जचा भूगोलतज्ज्ञ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टॉमस जेफरीज याच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली होती. लंडनमधील ड्रुरी लेन या रस्त्यालगतच्या रसेल कोर्ट येथे त्याचे दुकान होते. १७६० नंतरच्या काही वर्षांत त्याने छापील नकाशे महोगनीच्या पातळ फळीवर चिकटवून देशांच्या सीमारेषांवरून करवतीने कापले व ते तुकडे पेटीत घालून विकण्यास आरंभ केला. जग, युरोप, आशिया, आफ्रिका, अमेरिका, इंग्लंड व वेल्स, आयर्लंड आणि स्कॉटलंड असे आठ विषय त्याने निवडले होते. १७६६ मधील त्याचा युरोपचा नकाशा आज विशेष प्रसिद्ध आहे. कमी पैशांत घेऊ इच्छिणाऱ्या ग्राहकासाठी समुद्राचा भाग वगळून केलेली स्वस्त आवृत्तीही तो विकत असे. व्यवसायातील हिशेब त्याला चांगला कळत होता, हे यावरून स्पष्ट होते.

ही कल्पना सर्वस्वी त्याचीच होती काय, याविषयी अलीकडील संशोधनाने वेगळे मत मांडले आहे. लंडनमध्ये राहून मुलींना शिकविणाऱ्या फ्रेंच लेखिका मादाम लप्रँस द बोमों यांच्याकडे अशा प्रकारचे लाकडी नकाशे त्याच सुमारास होते. तिसऱ्या जॉर्जच्या मुलांच्या शिक्षिका लेडी शार्लट फिंच यांनीही राजपुत्रांना भूगोल शिकविण्यासाठी तुकड्यांचे नकाशे वापरले होते आणि ते ठेवण्याचे त्यांचे कपाट आजही जतन केलेले आहे. म्हणजेच नकाशाचे कोडे प्रथम शिक्षकांच्या खोलीत जन्मले व स्पिल्सबरीने त्याला दुकानात आणले, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

वयाची तिशी उलटण्यापूर्वीच स्पिल्सबरीचे निधन झाले. परंतु व्यवसाय थांबला नाही. जॉन वॉलिस, विल्यम डार्टन, जॉन बेट्स आदी प्रकाशकांनी तो पुढे नेला आणि नकाशांबरोबरच इंग्लंडच्या राजांची वंशावळ, बायबलमधील प्रसंग व नीतिकथा हे विषय आले. ही कोडी श्रीमंतांपुरतीच होती. जेन ऑस्टिन हिच्या १८१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅन्सफिल्ड पार्क या कादंबरीत गरीब घरातून आलेल्या फॅनीला युरोपच्या नकाशाचे तुकडे जुळविता येत नाहीत, म्हणून तिच्या श्रीमंत बहिणी तिला अडाणी ठरवितात. ज्या घरात महोगनीचा नकाशा नव्हता, त्या घरातील मूल भूगोलात मागे राहणार हे त्या समाजाने गृहीत धरले होते. शैक्षणिक साधनाची किंमत आणि शिक्षणातील विषमता यांचा संबंध या छोट्या प्रसंगातून नेमका लक्षात येतो.

२. करवत, प्लायवूड आणि कापणारे हात

आरंभीच्या कोड्यांत बहुतेक तुकडे एकमेकांत अडकत नसत. ते केवळ शेजारी-शेजारी ठेवले जात. फळी थोडी हलली की सर्व रचना विस्कटत असे. महोगनीसारखे कठीण व महाग लाकूड नाजूक वळणात कापणेही अवघड होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन बदल घडले. पहिला बदल म्हणजे पायाने चालविता येणारी, बारीक पात्याची नक्षीकामाची करवत. तिच्यामुळे दोन्ही हात लाकूड फिरविण्यास मोकळे राहिले. दुसरा बदल प्लायवूडचा. लाकडाचे पातळ थर रेषा आडव्या-उभ्या ठेवून चिकटविल्यामुळे नाजूक गाठीसारखे तुकडेही चटकन मोडत नसत. तुकडे परस्परांत गुंतविणे या दोन बदलांमुळे शक्य झाले. जिगसॉ हे नाव मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाले.

१९०८-०९ च्या सुमारास अमेरिकेत व ब्रिटनमध्ये प्रौढांमध्येही या कोड्यांचे वेड पसरले. अमेरिकेतील पार्कर ब्रदर्स या कंपनीने १९०९ मध्ये आपले इतर खेळ बाजूला ठेवून केवळ कोडीच तयार केली, यावरून मागणीची कल्पना येते. ब्रिटनमध्ये राफाएल टक या चित्रप्रकाशन संस्थेने झॅग-झॉ या नावाने कोडी काढली. त्यांत पक्षी, प्राणी, मनुष्य अशा ओळखू येणाऱ्या आकारांचे तुकडे मुद्दाम कापलेले असत व पेटीवर चित्र दिलेले नसे. लंडनमधील होल्टझॅपफेल या संस्थेचे उदाहरण आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून नक्षीदार कांतीव कामाची यंत्रे बनविण्यासाठी ही संस्था ख्यातनाम होती. विसाव्या शतकात तिने हाताने कापलेली कोडीही विकली. कातारी व कोडेकार हे दोघेही मुळात लाकडाच्या अंतरंगाशी परिचित असलेले कारागीरच होत.

हाताने कोडे कापणाऱ्याचे कौशल्य कशात असते, हे समजून घेणे आवश्यक आहे. त्याच्यापुढे आखलेली रेषा नसते. चित्रातील रंग जेथे बदलतो नेमक्या त्याच रेषेवरून करवत नेली, तर एका तुकड्यावर केवळ आकाश व दुसऱ्यावर केवळ छप्पर येते आणि सोडविणाऱ्यास चित्राचा आधार मिळत नाही. कडेचे तुकडे मधल्यांसारखे आणि मधले कडेच्यांसारखे कापून तो आणखी चकवा देतो. एका तुकड्यास एक मिनिट धरले, तरी पाचशे तुकड्यांच्या कोड्यास आठ तासांहून अधिक वेळ लागतो. त्यात चित्र चिकटविणे, घासणे व मोजणे धरलेले नाही. प्रत्येक कापणाऱ्याच्या हाताला स्वतःचे वळण असते आणि जाणकार संग्राहक पेटीवर नाव नसतानाही त्या वळणावरून कारागीर ओळखतात.

३. उत्कर्ष आणि उतरण

दोन महायुद्धांमधील काळ हा ब्रिटिश लाकडी कोड्यांचा उत्कर्षकाळ मानला जातो. बर्मिंगहॅमजवळील हारबोर्न येथील चॅड व्हॅली या कंपनीने ग्रेट वेस्टर्न रेल्वेसाठी १९२४ ते १९३९ या काळात चाळीसहून अधिक कोडी तयार केली. रेल्वेची इंजिने, किल्ले व समुद्रकिनारे यांची ही चित्रे जाहिरात म्हणून अल्प किमतीत विकली जात. याच काळात जेराल्ड हेटर यांनी बोर्नमथ येथे व्हिक्टरी या नावाने लाकडी कोड्यांचा मोठा उद्योग उभारला. एकावर एक फळ्या रचून एकाच वेळी अनेक कोडी कापण्याची पद्धत अशा कारखान्यांत वापरली जाई. हात कारागिराचाच असे; परंतु प्रत्येक कोडे वेगळे राहत नसे.

या काळातील एक संस्था विशेष उल्लेखनीय आहे. १९३३ मध्ये ब्रिटनमध्ये लाकडी कोड्यांचे वाचनालय स्थापन झाले. सभासदाने वर्गणी भरावी, टपालाने कोडे घरी मागवावे, सोडवून परत पाठवावे व दुसरे घ्यावे, अशी तिची रचना होती. महाग वस्तू अनेकांनी मिळून वापरण्याची ही युक्ती असल्याने कारागिराला ग्राहक मिळाला आणि मध्यमवर्गीय कुटुंबाला हाताने कापलेले कोडे वापरता आले.

त्याच सुमारास पुठ्ठ्याची कोडी साच्याने कापली जाऊ लागली होती. जागतिक मंदीत घरबसल्या करमणुकीची गरज वाढली आणि स्वस्त पुठ्ठ्याने ती भागविली. १९३३ च्या आरंभी एकट्या अमेरिकेत आठवड्याला सुमारे एक कोटी कोडी विकली जात असत. दुसऱ्या महायुद्धातील लाकडाचा तुटवडा आणि युद्धोत्तर काळातील वाढती मजुरी यांमुळे लाकडी कोड्यांचा व्यवसाय आकसत गेला. व्हिक्टरी हा उद्योग १९७० मध्ये स्पिअर या खेळकंपनीकडे गेला आणि १९८८ मध्ये त्या नावाची निर्मिती थांबली. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वेंटवर्थ या ब्रिटिश कंपनीने लेझर किरणांनी कापलेली लाकडी कोडी बाजारात आणून लाकडाला पुन्हा मागणी मिळवून दिली. हाताने कापणारे मोजके कारागीर संग्राहकांसाठी काम करीत राहिले.

४. सावंतवाडी : चितारी, लाख आणि कांतीव काम

स्पिल्सबरी लंडनमध्ये नकाशे कापीत असताना सावंतवाडी संस्थानात तिसरे खेम सावंत भोसले (कारकीर्द १७५५-१८०३) राज्य करीत होते. कला व विद्या यांना त्यांनी दिलेला आश्रय प्रसिद्ध आहे. सुंदरवाडी या जुन्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नगरीत चितारी कारागिरांची वस्ती वाढली आणि आजही मोती तलावाजवळच्या या गावात चितार आळी ही लाकडी खेळण्यांच्या दुकानांची पेठ म्हणून ओळखली जाते. गोव्यातील कुंकळ्ळी येथेही चितारी कारागिरांची लाखकामाची परंपरा आहे. यावरून ही कला कोकण-गोवा या सलग सांस्कृतिक पट्ट्यातील आहे, असे दिसून येते.

सावंतवाडीच्या कामाचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार कांतीव कामाचा. भातुकलीची भांडी, भोवरे, पोळपाट-लाटणे, कुंकवाच्या डब्या, पाळण्यावरची खेळणी या वस्तू लाकूड गोल फिरवून पटाशीने कातून काढतात. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते व लाकडाला धरते. त्यानंतर केवड्याच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. रंग येथे लाकडावर केवळ फासलेला नसतो, तो त्याच्या पृष्ठभागाशी एकजीव झालेला असतो. दुसरा प्रकार कोरीव व रंगीत कामाचा. आंबा, काजू, केळी, वांगी, मिरच्या अशी खऱ्यासारखी दिसणारी लाकडी फळे व भाज्या, देवदेवतांची चित्रे काढलेले पाट व चौरंग यांचा त्यात समावेश होतो. फळांसाठी हलके व मऊ असे पांगाऱ्याचे लाकूड आणि इतर वस्तूंसाठी आंब्याचे लाकूड प्रामुख्याने वापरले जात आले आहे. परसात वाढणारे हे वृक्ष होत. महोगनी समुद्रापलीकडून आणणाऱ्या लंडनच्या व्यवसायापेक्षा सावंतवाडीचा व्यवसाय या दृष्टीने अधिक स्वावलंबी होता.

लग्नाच्या रुखवतात आणि मुलींच्या खेळात या वस्तूंना निश्चित स्थान होते. त्यामुळे राजाश्रयाखेरीज घराघरांतील मागणीही कारागिराला उपलब्ध होती. ही मागणी विसाव्या शतकात प्रथम पत्र्याने व नंतर प्लास्टिकने कमी केली.

५. गंजिफा : खेळला जाणारा आणि पाहिला जाणारा

सावंतवाडीची खरी कीर्ती गंजिफांमुळे झाली. गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेली, बहुधा गोल आकाराची पाने. बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ मध्ये गंजिफा भेट पाठविल्याचा उल्लेख आहे आणि अबुल फजलच्या ऐन-इ-अकबरीत अकबराच्या पानांचे वर्णन आढळते. मोगल गंजिफात आठ रंगांची ९६ पाने असतात. दशावतारी गंजिफात विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग व प्रत्येक रंगात बारा याप्रमाणे १२० पाने असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने असा क्रम असतो. तेलंगणातील विद्वान ब्राह्मणांकडून सावंतवाडी दरबारास या खेळाचा परिचय झाला, असे परंपरेने सांगितले जाते.

या खेळाचे नियम सूक्ष्म आहेत. तिघे खेळाडू प्रत्येकी चाळीस पाने घेऊन बसतात. निम्म्या रंगांत दश्शी श्रेष्ठ, तर उरलेल्या निम्म्या रंगांत एक्का श्रेष्ठ असतो. म्हणजे कोणत्या रंगात कोणता क्रम हे सतत ध्यानात ठेवावे लागते. दिवसा खेळताना रामाच्या रंगाने आरंभ होतो व रात्री कृष्णाच्या. पडलेली पाने स्मरणात ठेवल्याखेरीज डाव जिंकता येत नाही. स्मरणशक्ती, गणित व पुराणकथा यांचे शिक्षण एकाच डावातून होत असे.

पाने तयार करण्याची जुनी पद्धत कष्टाची होती. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, त्यांवर खडूचा लेप देऊन, दगडाने घोटून मग गोल पाने कापली जात. त्यांवर चित्रे काढून पाठीवर लाखेचा लेप दिला जाई. एका दशावतारी संचात किती काम असते, याचा हिशेब करता येतो. एका रंगातील दहा पानांवर मिळून ५५ चिन्हे काढावी लागतात; दहा रंगांची ती ५५० होतात. त्याशिवाय राजा व प्रधान यांची वीस चित्रे. मासा, कासव, परशू, बाण अशी ही चिन्हे इतक्या वेळा आणि सारख्या मापाने काढणे हे हाताला लागलेल्या सवयीखेरीज शक्य नाही.

छापील पानांपुढे हा खेळ टिकला नाही. टॉमस द ला रू याने लंडनमध्ये १८३१ साली खेळण्याची पाने रंगीत छापण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळविले. ५२ पानांचा स्वस्त, छापील युरोपीय जोड हिंदुस्थानात सर्वत्र पोहोचला आणि गंजिफा मागे पडला. पुठ्ठ्याने लाकडी जिगसॉची जागा घेण्यापूर्वीच छपाईने गंजिफांची जागा घेतली होती.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीत गंजिफा रंगविणारे कारागीर जवळजवळ उरले नव्हते. १९७० नंतरच्या दशकात शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी यांनी या कलेच्या पुनरुज्जीवनाचा प्रयत्न हाती घेतला. पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कारागिराकडे हे ज्ञान शिल्लक होते. राजदांपत्य स्वतः त्यांच्याकडून ही कला शिकले, तरुणांना शिकविण्याची व्यवस्था केली आणि राजवाड्याच्या दरबार सभागृहातच कार्यशाळा सुरू झाली. मुंबईत वास्तव्य केलेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी भारतीय गंजिफांचा केलेला अभ्यास आणि १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया व अल्बर्ट संग्रहालयात झालेले गंजिफांचे प्रदर्शन यांमुळे जगभरच्या संग्राहकांचे लक्ष या पानांकडे वेधले. सत्वशीलादेवी यांचे २०१८ मध्ये निधन झाले. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकन मिळाले.

६. निर्मलचा शेजार

मराठवाड्याच्या वाचकास सावंतवाडी दूरची वाटेल. परंतु या कलेचा एक धागा आपल्या शेजारी आहे. नांदेड जिल्ह्याला लागून असलेले तेलंगणातील निर्मल हे गाव लाकडी खेळणी व चित्रे यांसाठी प्रसिद्ध आहे. पोनिकी या हलक्या लाकडापासून तेथील नक्काश कारागीर फळे, पशुपक्षी व माणसे घडवितात आणि गंजिफा रंगविण्याची परंपराही तेथे होती. १९५६ पर्यंत निर्मल आणि मराठवाडा हे दोन्ही हैदराबाद राज्याचे भाग होते. सावंतवाडीचा गंजिफा तेलंगणातून आला ही परंपरा खरी मानली, तर हलक्या लाकडाची फळे व रंगीत पाने एकाच ठिकाणी तयार होण्याचा हा योग दोन्ही गावांत दिसावा, हे स्वाभाविक वाटते. अर्थात केवळ साम्यावरून उगम सिद्ध होत नाही. त्यासाठी स्वतंत्र अभ्यासाची आवश्यकता आहे.

७. तुलनात्मक विवेचन

दोन्ही परंपरांची तुलना केली असता तीन मुद्दे पुढे येतात.

पहिला मुद्दा आश्रयाचा. दोन्हींचा आरंभ राजघराण्याच्या सान्निध्यात झाला. मात्र ब्रिटनमध्ये हा व्यवसाय लवकरच प्रकाशक, रेल्वे कंपनी व वाचनालय अशा संस्थांकडे गेला. सावंतवाडीत १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर तो आश्रय सुटला आणि पुनरुज्जीवनाच्या वेळी पुन्हा त्याच घराण्याला पुढे यावे लागले. मध्यंतरीच्या काळात त्या जागी दुसरी भक्कम संस्था उभी राहिली नाही.

दुसरा मुद्दा कारागिराच्या नावाचा. दोन्हीकडे वस्तूवर विक्रेत्याचे किंवा गावाचे नाव येते, घडविणाऱ्याचे क्वचितच. चॅड व्हॅलीच्या पेटीवर कापणाऱ्याचे नाव नसे आणि सावंतवाडीच्या फळांच्या परडीवरही ते नसते. पुंडलिक चितारी हे नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण त्यांच्याकडून कोणी शिकले. शिकणारा न मिळाल्यामुळे ज्यांची नावे व कसब दोन्ही गेली, त्यांची संख्या कितीतरी मोठी असणार.

तिसरा व सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वापराचा. पुठ्ठ्याचे कोडे आले तरी कोडे सोडविण्याची सवय समाजात राहिली. त्यामुळे ज्याला उत्तम कोडे हवे होते, तो लाकडी कोड्याकडे वळू शकला. गंजिफाच्या बाबतीत उलट घडले. खेळ गेला आणि नंतर पाने परत आली. आज सावंतवाडीहून संच नेणाऱ्या बहुतेक प्रवाशांना दिवसा राम व रात्री कृष्ण हा नियम माहीत नसतो; ती पाने चौकटीत बसवून भिंतीवर लावली जातात. चित्र म्हणून ती सुंदर असतात, यात शंका नाही. परंतु भिंतीवरचा संच एकदाच विकत घेतला जातो. खेळल्याने झिजणारा संच पुन्हा घ्यावा लागतो, शेजाऱ्याला हवासा वाटतो आणि मुलांना लहानपणीच ओळखीचा होतो. भौगोलिक मानांकन गावाचे नाव नकलेपासून वाचविते. डाव मांडणारे तिघे खेळाडू ते निर्माण करू शकत नाही.

८. शैक्षणिक उपयोगाची शक्यता

लाकडी खेळण्याला शाळेत स्थान देण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. मारिया माँटेसरी यांच्या शिक्षणपद्धतीत मुठी लावलेले लाकडी नकाशे वापरले जातात. त्या १९३९ मध्ये भारतात आल्यावर ही साधने येथे अधिक परिचित झाली. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे बालशिक्षण देताना परदेशी, महाग साधनांऐवजी परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतून साधने तयार करण्यावर भर दिला. मॅन्सफिल्ड पार्कमधील फॅनीचा प्रश्न त्यांनी आदिवासी पाड्यावर प्रत्यक्ष सोडवून दाखविला, असे म्हणता येईल.

नकाशाचे कोडे भूगोलाप्रमाणे इतिहासही शिकविते. स्पिल्सबरीच्या १७६६ च्या युरोपात पोलंड हे राज्य होते. १७९५ च्या तिसऱ्या फाळणीनंतर तो तुकडा नकाशावरून नाहीसा झाला. आपल्याकडेही हाच अनुभव घेता येतो. कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हे गाव १९५६ पूर्वीच्या नकाशात हैदराबाद राज्याच्या तुकड्यात येईल, त्यानंतर मुंबई राज्याच्या व १९६० पासून महाराष्ट्राच्या. महाराष्ट्र स्थापन झाला तेव्हा २६ जिल्हे होते, आज ते ३६ आहेत. १ मे १९९९ पूर्वी कापलेल्या महाराष्ट्राच्या कोड्यात हिंगोलीचा तुकडाच नसेल. तो परभणीच्या तुकड्यात सामावलेला असेल. सिंधुदुर्गाचा तुकडाही १९८१ पूर्वीच्या कोड्यात रत्नागिरीला जोडलेला आढळेल. चार वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे शेजारी ठेवून विद्यार्थ्यांनी ते जुळविले, तर गाव जागचे न हलता त्याच्याभोवतीच्या सीमा कशा बदलतात, हे व्याख्यानावाचून समजेल.

अशी कोडी तयार करण्यास मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही. प्लायवूड, बारीक पात्याची करवत, छापील नकाशा व सुताराचा सराव एवढे पुरेसे आहे. प्रत्येक तालुक्यात सुतारकाम जाणणारी माणसे आहेत आणि प्रत्येक गावात शाळा आहे. शाळांनी मिळून कोड्यांची फिरती पेटी ठेवली, तर १९३३ च्या ब्रिटिश वाचनालयाची कल्पना येथे अल्प खर्चात राबविता येईल. गंजिफांच्या बाबतीतही महाविद्यालयीन स्तरावर खेळाचे नियम शिकविणे, डाव मांडणे आणि स्पर्धा घेणे हे उपाय चित्रप्रदर्शनापेक्षा अधिक परिणामकारक ठरू शकतील.

निष्कर्ष :

१. जिगसॉ व गंजिफा या दोन्ही खेळांचा विकास राजघराण्याच्या व उच्चवर्गाच्या आश्रयाने झाला. त्यांत मनोरंजनाइतकाच शिक्षणाचा हेतू होता.

२. लाकूड, हत्यार व चिकटविण्याचे द्रव्य यांतील बदलांनी कारागिरीचे स्वरूप ठरविले. प्लायवूडने जिगसॉला गुंतणारे तुकडे दिले. पांगारा व लाख यांनी सावंतवाडीला तिची ओळख दिली.

३. यंत्रनिर्मित माल दोन्हीकडे आला. जेथे खेळण्याची सवय शिल्लक राहिली, तेथे हाताच्या कामाला अल्प का होईना ग्राहक राहिला. जेथे खेळच विसरला गेला, तेथे वस्तू शोभेची झाली व कारागीर पर्यटनावर अवलंबून राहिला.

४. हस्तकलेच्या संवर्धनाचे प्रयत्न केवळ प्रशिक्षण, प्रदर्शन व मानांकन यांपुरते मर्यादित न ठेवता त्या वस्तूचा वापर पुन्हा रूढ करण्याकडे वळविणे आवश्यक आहे.

चितार आळीतील कारागिराला प्रशंसेची वाण नाही. त्याला नियमित मागणीची गरज आहे. ही मागणी शाळा, महाविद्यालये व घरे यांतूनच येऊ शकते. त्या दृष्टीने शिक्षणक्षेत्रातील मंडळींनी या विषयाकडे पाहिल्यास, पुढच्या पिढीतील एखाद्या चितारी घरातील मुलाला आपल्या आजोबांची पटाशी हातात घेणे परवडेल.